देवकाताई बिचारी नव्हती

गोंदियाच्या फलाटावर पुण्याची गाडी लागायची होती. मी नर्सिंग पूर्ण करून तिकडच्या एका दवाखान्यात नोकरीला निघाले होते. हातात नवी बॅग आणि मायनं तळून भावाच्या हाती पाठवलेल्या सुवाऱ्यांचा, म्हणजे पुऱ्यांचा, डबा. माझी मोठी बहीण देवकाताई बॅगेला टेकून फरशीवर बसली होती. ती नेहमी खालीच बसायची. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय नेले होते आणि ती हातांच्या जोरावर सरकत चालायची. इस्तरीच्या शर्टातला एक माणूस चालता चालता थांबला, तिच्या मांडीवर एक नाणं टाकलं आणि पुण्य पदरात पडल्यासारखा पुढे गेला.

आमचा भाऊ दिलीपदादा तातडीनं सिग्नलकडे बघायला लागला. जणू आम्ही दोघी त्याच्या कोणीच नव्हतो.

ताईनं नाणं उलटसुलट करून पाहिलं आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "ओ भैया! इतने में चाय नहीं आती."

अर्धा फलाट वळला. तो माणूस सॉरी सॉरी करत परत आला.

"सॉरी मत बोलो, दो चाय बोलो," ताई म्हणाली. "मेरी बहन नर्स है, नौकरी पे जा रही है."

त्यानं निमूट दोन चहा आणून दिले आणि जवळजवळ पळाला. गाडी आली, मी खिडकीशी बसले, तेव्हा ताई खालून म्हणाली, "तिकडे जाऊन आपली बोली बोलाले लाजू नोको. अन् त्या दिल्याचे फोन उचलू नोको." शेजारीच उभ्या असलेल्या दादाला ऐकू जाईल अशा बेतानं.

ही ताई गेल्या वर्षी गेली. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेल्या चित्रांखाली एकच वाक्य लिहिलंत, एकमेकांचं बघून: सुटली बिचारी. गावात राहिलेल्यांनी लिहिलं, नागपूरला गेलेल्यांनी लिहिलं, दुबईतल्या भाच्यानंही लिहिलं, ज्यानं तिला धड पाहिलेलंही नाही. म्हणून हे लिहिते आहे. तिची ओळख तुमच्यापैकी कोणालाच नव्हती, आणि करून घ्यायची तसदीही कोणी घेतली नाही.

आपलं घर आमगावजवळच्या खेड्यातलं, धानशेतीच्या चार बांध्यांचं आणि चाळीस बांध्यांच्या तोऱ्याचं. बाबूजींचं आवडतं वाक्य होतं, "आपुन माळव्यातून आलेले लोक. तलवारी घेऊन आलतो." तलवार कोणी पाहिली नव्हती. पाहुणे आले की या शूरांच्या घरात एकच धावपळ व्हायची: देवकाला धानाच्या कोठीमागे नेऊन बसवा. माय तिच्या हातात निवडायचे तांदूळ द्यायची आणि म्हणायची, "हळू खोक व बाई, बाहेर पाव्हने आहेत." माय वाईट नव्हती. भित्री होती. त्या घरात दोन्हींतून निघणारं फळ एकच होतं.

मी बारावी झाले तेव्हा मला बघायला तिरोड्याकडचे लोक आले. मुलगा कोणाला पसंत होता, हे मला आजही ठाऊक नाही. मला नव्हता, पण मला विचारतो कोण? बैठकीत बाबूजी तलवारीपर्यंत पोचले होते. इतक्यात आतल्या दारातून ताई आली. हातांवर सरकत, ओसरी ओलांडून, बैठकीच्या मधोमध. लुगडं नीट केलं आणि मुलाच्या बापाकडे बघत म्हणाली, "मी मोठी. देवका. मले पोलिओ झालता, लहानीले नाई झाला. पाहून घ्या बराबर. अन् हिले शिकाचं आहे, लगन नाई कराचं. हिले कोनी इचारलं नाई म्हनून मी सांगून राहिली."

चहा तसाच राहिला. ते लोक उठून गेले.

बाबूजींनी ताईला मारलं नाही. ते तिच्याशी बोलणं बंद करून बसले, आणि दादानं बोलायचं काम हाती घेतलं. "घरात बसून फुकट खातेस अन् घराचीच इज्जत काढतेस?" ताईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बसून नाई खात गा. कोठीमागं लपून खातो. बसू कुठी देता तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी ती गोंदियाला जाणाऱ्या काळीपिवळीत बसली. तिच्यासोबत मी. तिनं मला विचारलं नव्हतं, पण मीही तिला विचारलं नाही.

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात एक म्हातारे चाचा मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान चालवत. आमच्या विहिरीचा पंप जळला की तेच यायचे, अंगणात मोटार उघडून बसायचे, आणि कोठीमागून सुटका झालेली ताई त्यांच्या शेजारी बसून तांब्याची तार धरायची. तिनं त्यांच्या दुकानाच्या पायरीशी जाऊन सांगितलं, "चाचा, काम सीखना है." चाचांनी तिच्या पायांकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "बैठ के ही करना पड़ता है, बेटी. कमर टूट जाएगी." ताई म्हणाली, "बैठने की तो आदत है." एवढीच मुलाखत झाली. पुढे चाचांचे डोळे गेले आणि दुकान ताईचं झालं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. माझं नर्सिंग तिथंच झालं, मोटारींच्या तारांना लावायच्या वार्निशच्या वासात.

तिचं दुकान म्हणजे सौजन्याचं केंद्र नव्हतं. उन्हाळी धानाला पाणी लागायचं त्या दिवसांत शेतकरी जळक्या मोटारी घेऊन रांग लावायचे आणि ती त्यांना झाडायची. "काऊन बा, लाईनचा जोर कमी असताना मोटार चालू कराले कोनं सांगतलं?" लोक ऐकून घ्यायचे. ती चुकायचीही. एकदा एकाची मोटार तिनं बांधली आणि ती तिसऱ्या दिवशी पुन्हा जळली. तो शिव्या देत आला, हिनं दुप्पट दिल्या, मग फुकटात पुन्हा बांधून दिली. ती मटण खायची, पान खायची, दर शुक्रवारी पिक्चरला जायची आणि हिरो रडायला लागला की मोठ्यांदा हसायची. जादा चाकं लावलेली स्कूटी तिनं अशी चालवली की मागे बसणाऱ्यानं देवाचं नाव घ्यावं.

आणि तिनं लग्न केलं. हे तुमच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. रामदासभाऊजी देवरीच्या बाजूचे, ट्रकचे ड्रायव्हर, बायको वारलेले, जातीबाहेरचे. ट्रकचा डायनॅमो दुरुस्तीला घेऊन आले आणि येतच राहिले. दादा पहिल्यांदाच कुडव्याला आला तो त्यासाठी. "तुले हे शोभते काय? अन् त्याले काय पाहिजे तुझ्याकडून, समजते काय?"

"समजते," ताई म्हणाली. "जे तुझ्या बायकोकडून तुले पाहिजे तेच. तू जा आता, मोटारी पडल्या आहेत."

दादा लाल होऊन गेला. मी तेव्हा सुट्टीवर आले होते; दरवाजाआड ओढणी तोंडात कोंबून हसत होते.

पुण्याला मी आले तेव्हा वाटलं, इथं शिकलेली माणसं असतील. आहेत. आमच्या सोसायटीत 'लंगडी' कोणी म्हणत नाही. 'दिव्यांग' म्हणतात, आणि म्हणताना मान किंचित तिरकी करतात. ताई एकदा माझ्याकडे आली, तर महिला मंडळाच्या अध्यक्षबाई दारात. "अय्या, तुमच्या भगिनींचा सत्कार करूया ना! किती इन्स्पायरिंग!" सत्कार पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. लिफ्ट तिथं थांबत नाही. बाई म्हणाल्या, "आमचे चार वॉचमन आहेत ना, खुर्चीसकट अलगद उचलतील." फोटोही छान येईल, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण फोटोग्राफर खाली येऊन जिन्याची उंची बघून गेला होता.

ताईनं विचारलं, "सत्कार कायचा?"

"अहो, तुम्ही इतकं सगळं असूनही जगलात!"

"मंग तुमी काय न जगता आल्या इथंवर?" ताई म्हणाली. "मी बहिणीकडे जेवाले आली बाई. नारळ देऊन जा, भाजीत टाकू."

बाई नारळ न देता गेल्या. गावाकडचे तिला लपवत होते, इकडचे तिला उचलून दाखवायला निघाले होते. मला दोन्हींची सारखीच किळस येते, आणि हे मी पुण्यात राहून, इथलं खाऊन लिहिते आहे.

ताई गेली ती भरदुपारी, दुकानात, छातीत कळ येऊन. भाऊजींनी रिक्षातून नेलं; वाटेतच संपलं. पायांचा त्यात काही संबंध नव्हता. मी पोचले तोवर दादानं सूत्रं हातात घेतली होती. तेरवी गावच्या घरी. ज्या घरात ती पुन्हा पाऊल ठेवू शकली नव्हती, त्याच्या अंगणात मांडव पडला. फ्लेक्सवर तिचा फक्त चेहरा, आणि खाली दादाचं नाव तिच्या नावापेक्षा मोठं. माइकवर एक पुढारी बोलत होते, "बिचारीनं आयुष्यभर सोसलं, पण भावानं शेवटपर्यंत सांभाळलं." दादानं डोळे पुसले. कोरडेच होते, पण पुसले.

भाऊजी मांडवाबाहेर, मोटारसायकलीला टेकून उभे होते. त्यांना कोणी आत बोलावलं नव्हतं, पंगतीत पान मांडलं नव्हतं. मी माझ्या पानावरून उठले.

"कुठी चाललीस?" दादानं विचारलं. "लोक पाहून राहिले."

"पाहू दे. भाऊजी उपाशी आहेत, त्यांच्यासंग जातो."

"आता गेलीस तं माहेर तुटलं समज."

माझ्या तोंडून आपली बोली आपोआप बाहेर आली. "कोन्तं माहेर गा? जिथं तिले कोठीमागं बसवत होते ते?"

माय ओसरीवर बसली होती. पदरात बांधलेल्या चार सुवाऱ्या तिनं हळूच माझ्या हातात कोंबल्या. त्या घरातून मी तेवढंच घेतलं.

कुडव्याला पोचून भाऊजींनी दुकानाचं शटर उघडलं. आम्ही दोघं पायरीवर बसून सुवाऱ्या खाल्ल्या. तेवढ्यात एक शेतकरी आला, सायकलच्या कॅरिअरवर मोटार बांधून.

"बाई कुठी आहे?"

"बाई गेली," भाऊजी म्हणाले.

"कुठी गेली?"

"वारली गा."

 त्या माणसाचा चेहरा रागानं आवळला. "वारली? असं कसं वारली? अन् आता माही मोटार कोन बांधन?" त्यानं कपाळावर हात मारला. "मागच्या खेपेले मले गधा म्हणली होती. बरोबरच म्हणली होती." तो मोटार सोडून पायरीवर बसला आणि दुसऱ्या दुकानात जातो, जातो म्हणत उठलाच नाही.

एवढ्या सगळ्या दिवसांत तिच्यासाठी बोललं गेलेलं खरं वाक्य मी हेच ऐकलं. त्यात कीव नव्हती. एक माणूस चिडला होता, कारण ती हवी होती आणि नव्हती. तेव्हा कुठे मला रडू आलं.

भाऊजी अजून तिथंच राहतात. वाइंडिंगला एक मुलगी ठेवली आहे, ती बरी शिकते आहे, पण शिव्या फारच सौम्य देते. मी सुट्टीत जाते ती तिकडेच. पुण्यात कोणी गाव विचारलं तर कुडवा सांगते. कुडवा काही गाव नाही, गोंदियाच्या कडेला वाढलेली वस्ती आहे. दुकानं, प्लॉट, धूळ. पण तिथल्या फरशीवर मी कोणालाही न विचारता बसते. आमगावच्या वाटेवरचं ते दुसरं घर दादाचं. त्याला ते लखलाभ असो, कोठीसकट.