खोड फुकट मिळेल का?

आज दुपारी जळगावात पैसे गुंतवणाऱ्यांच्या समितीसमोर आमचं यंत्र मांडलं. केळीच्या खोडापासून धागा काढणारं हे यंत्र माझ्या मार्गदर्शक मॅडम आणि मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तयार केलंय. प्रयोगशाळेबाहेर ते अजून चाललेलं नाही. त्यासाठीच पैसा हवा होता.

सगळं नीट चाललं होतं. मग समितीतल्या एकाने विचारलं, "घड काढला की खोड वायाच जातं ना? म्हणजे कच्चा माल फुकट?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या सादरीकरणात तसंच लिहिलं होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

पण मी असोद्याची, केळी पिकवणाऱ्या घरातली. घड उतरवल्यावरही माझे वडील, आबा, खोड बरेच दिवस उभं ठेवतात. त्यातला रस शेजारच्या पिलाला, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या कोंबाला मिळतो आणि पुढचं पीक त्या पिलावरच येतं. आमच्या यंत्राला मात्र घड उतरवताच कापलेलं ताजंच खोड लागतं.

मी म्हणाले, "नाही सर. शेतकरी ते फुकट देणार नाही."

निर्णय पुढे ढकलला गेला. 

घरी आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खरं बोलली तू. पण मशीन करताना मला काबरं नाही विचारलं?"

मग पहिल्यांदा त्यांनाच विचारलं.

रावेरकडच्या केळीवाल्यांनो, आता तुम्हाला विचारते. पील जोर धरण्याआधी खोड कापू द्याल का?

आबांनी अजून हो म्हटलेलं नाही.