नव्या बॅरलची पूजा

आमच्या पेंटबॉलच्या ग्रुपचे किस्से बाहेर सांगायचे नाहीत असं आम्ही दर रविवारी ठरवतो, आणि दर रविवारी एकाची भर पडते! बसवकल्याणचे आम्ही चार मास्तर आणि तालुका ऑफिसातले वीरण्णा. गावाबाहेरच्या पडीक रानात एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतो. लाज वाटते, पण सोडवत नाही.

*

या खेळातल्या बंदुकीला मार्कर म्हणतात. "सर, तुमी फिजिक्सवाले, तुमीच निवडा," म्हणून सगळ्यांनी ते काम माझ्यावर टाकलं. मी सगळ्यांत जड मार्कर निवडले. जड ते मजबूत!

वीरण्णांनी एक उचलून पाहिला. "सर, हे घिऊन पळायचं हाय, का बैलगाडीत घालून न्यायचं हाय?"

*

मग गोळी लांब जावी म्हणून मी मार्करला पुढे लावायची लांबलचक नळी, म्हणजे बॅरल मागवली. तिचं भोक गोळीपेक्षा मोठं निघालं. नळी जरा खाली झाली, तर गोळी घरंगळत आली आणि माझ्याच बुटावर पडली.

"सर, गुरुत्वाकर्षण शिकवायलाव का?" वीरण्णांनी विचारलं.

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

शेवटी सगळ्यांसाठी मापाच्या बॅरली आणल्या. गोळी आत अडकावी आणि फुंकर मारली की सुटावी, एवढीच परीक्षा. तेवढ्यात दसऱ्याची आयुधपूजा आली. मग काय! नव्या बॅरलींना हळदकुंकू, विभूतीचे पट्टे, वरून नारळाचं पाणी. निम्मं आत गेलं.

"आतून पुसायचं का हो, अण्णा?" मी विचारलं.

"पूजेचं कोन पुसतंय, सर?" वीरण्णा म्हणाले. मलाही ते पटलं.

*

पुढच्याच रविवारी उमरग्याच्या टीमशी मॅच. आठवीतली माझी लेक मैत्रिणींना घेऊन येणार होती. सकाळीच म्हणाली, "पप्पा, तुमी कॅप्टन हाव म्हणून सगळ्यांला सांगितलंय मी. फजिती करू नका."

शिट्टी वाजली. मी ट्रिगर ओढला. वाळलेल्या हळदकुंकवाच्या खपल्यांवर आपटून गोळी नळीतच फुटली आणि पिवळा रंग पचकन पायाशी सांडला. पाचही जणांचं तेच! उमरगेकरांनी आम्हाला निवांत रंगवून काढलं.

मी मान खाली घालून कुंपणाजवळ आलो. तोंडावर मास्क होताच. एका मुलीने लेकीला विचारलं, "ह्यातले तुझे पप्पा कोनते गं?"

लेकीने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"ते आज आले न्हाईत."

मास्क काढायला वर नेलेला हात मी खाली घेतला.