चिंचेनं घासलेली कचेरी

बुलढाण्यात इंग्रजाच्या वेळची एक कचेरी होती. महाराष्ट्र नवा नवा झाला तेव्हा तिची डागडुजी निघाली. मी गवंडी, बायको माझ्याच हाताखाली चुन्याची घमेली वाहायची. समोरच्या पायऱ्यांचा सगळा चुना तिच्या डोक्यावरून गेला.

काम संपल्यावर कचेरीच्या आठवणीचं नाणं पाडलं. बाजारात चालणारं नाही, नुसतं ठेवायचं. वरून चांदीचं पाणी, मधे कचेरी, खाली पायऱ्या. मंडप घालून ते साहेबांना, बाबूंना वाटून टाकलं. आम्ही मंडपाच्या दोरीबाहेर उभे.

बायको म्हणे, "मले बी एक पाह्यजे. पायऱ्या माह्या हायेत."

मी बाबूजवळ गेलो. तो हसला. "मजुरी भेटली ना बे? मंग नाणं काऊन पाह्यजे?"

शेवटी एका म्हाताऱ्या चपराशानं स्वतःचं दिलं. "घे बाई, म्या तं इथं नुसते दरवाजे उघडले."

तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलं. शेजारणींना बोट ठेवून दाखवायची, "ह्या पायरीवर म्या चुना टाकला." दर दिवाळीला पितळेचे देव चिंचेनं घासायची, त्यात नाणंही. आधी चांदी गेली, मग खिडक्या, मग पायऱ्या. मी रोज देव्हाऱ्यापुढं हात जोडायचो, पण कधी नीट पाहिलं नाही.

एका दिवाळीला देऊळगाव राजाहून साडू आला. मी मोठ्या तोऱ्यात नाणं काढलं. तो म्हणाला, "हे काय बे, कोटाचं बटन?"

सगळे हसले. मी बायकोवर ओरडलो, "अडाणी बाई! घरात एक इज्जतीची चीज होती, तीही पुसून टाकली."

ती एवढंच म्हणाली, "देव समजून घासलं जी."

पुढं कचेरीवरून जाताना ती मान वर करायची नाही. मला समजत होतं. पण "चुकलो" म्हणायला जीभ वळली नाही. वाटलं, म्हणू कधीतरी.

औंदा ती गेली. तेरवी झाल्यावर देव्हारा काढला. देव लखलखीत, आणि मागे चिंधीत गुंडाळलेलं नाणं, हिरवं पडलेलं. त्या दिवाळीपासून तिनं त्याला हात लावला नव्हता.

लोक म्हणतात, भाग्याची, सवाशीण गेली. डोंबलाचं भाग्य.

काल चिंच भिजवून मीच ते घासलं. शेजारीण दारात आली, तिला बोट ठेवून दाखवलं, "ह्या पायरीवर तिनं चुना टाकला."

ती वाकून पाहत राहिली. "कोठी जी? काहीच दिसून नाही राह्यलं."