गप्प अंडं, बोलतं अंडं

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. अंड्यांच्या वखारीत तिला सगळे दिवेवाली म्हणत. अंधारी खोली, खोक्यात बल्ब, खोक्याला भोक. भोकावर अंडं धरायचं, फिरवायचं, मग कानाशी हलवायचं. आत हिंदकळलं तर ‘बोलतं’ म्हणून बाजूला. नाही हिंदकळलं तर ‘गप्प’ म्हणून ट्रेमध्ये. शब्द मोठ्याने म्हणायचा, म्हणजे ट्रे भरणाऱ्याला मान वर करावी लागत नसे. दिवसभर उभं राहून हेच. संध्याकाळी मनगटांनी पाण्याची बादलीही उचलवत नसे.

घरी फ्रिज नव्हता. त्यासाठी मजुरीतून थोडं थोडं मागे टाकणं चाललं होतं. तोवर अंडी ओल्या वाळूच्या मडक्यात, शेगडीपासून लांब, न धुता, निमुळतं टोक खाली करून. रोज एक पाण्यात सोडून बघायची. तळाशी आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर आजच खायचं, तरंगलं की बाहेर. ही सगळी उठाठेव पोटुशी लेकीसाठी. जावई जहाजावर, लेक आईकडे.

त्या आठवड्यात मडक्यातली अंडी कुशीवर वळलेली दिसू लागली. ती सरळ करी. सकाळी पुन्हा वळलेली. वाळूवर ना बोटाचा ठसा, ना उंदराच्या पायाचा.

“तू हात लावतेस काय गं?”

“मला माझ्या चपला दिसत नाहीत आई, मडक्यात कुठली वाकतेय!” लेक हसली. मग हसू मावळलं. “कालपासून आतलं गप्प आहे गं.”

“झोपलं असेल,” म्हणत दिवेवाली कामावर गेली.

पहिलं अंडं दिव्यावर धरलं. चांगलं होतं. पण ‘गप्प’ हा शब्द तोंडातून फुटेना. दुसऱ्यालाही तेच.

“काय हो दिवेवाली,” भरणारा म्हणाला, “अंडी गप्प आहेत की तुम्ही?”

तिला मडक्यातली वळलेली अंडी आठवली. अंड्यांवर बसलेली कोंबडी चोचीने अंडी वळवत राहते. न वळवलेलं पिल्लू आत कवचाला चिकटतं. घरात कोंबडी नव्हती. मग वळवत कोण होतं? आणि सांगत कुणाला होतं?

अर्ध्या दिवसाचा खाडा करून ती घरी धावली. लेक अंथरुणावर उताणी पडली होती, छताकडे बघत.

“कूस बदल.”

“का?”

“बदल म्हणते ना! आणि ऊठ, दवाखान्यात जायचंय.”

दवाखान्यातली खोलीही अंधारी. उजेड फक्त पडद्याचा, त्यात एक सावली. वखारीत ती रोज बघायची तशीच. फक्त ही हलत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी लेकीला डाव्या कुशीवर वळवलं आणि यंत्र पुन्हा पोटाला लावलं. बराच वेळ नुसती खरखर. मग ओल्या फडक्याने कुणी भराभरा फरशी पुसावी तसा आवाज आला. सावलीने पाय झाडला.

“बोलतंय,” दिवेवाली म्हणाली. इतकी वर्षं तो शब्द तिने टाकाऊ अंड्यांनाच लावला होता.

घरी आल्यावर तिने आधी मडकं उघडलं. सकाळी घाईत अंडी सरळ करायची राहून गेली होती. आता सगळी उभी होती, निमुळतं टोक खाली. त्यानंतर ती कधी वळली नाहीत.

फ्रिज आला नाही. त्याच्यासाठी मागे टाकलेली मजुरी त्या अंधाऱ्या खोलीतल्या आवाजाला गेली.