वरच्या हॉलचं बोलावणं

आधी माफी मागतो. आठवणी लिहाव्यात असं माझ्या हातून काही झालेलं नाही. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि गावापासून नाशिक काही फार लांब नाही. याला मी स्थलांतर म्हटलेलं परदेशी गेलेल्यांनी ऐकलं तर ते हसतील. पण मागच्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून डोकं जागेवर नाही. यंदा दहावी होऊन नाशिकला निघालेली आमच्या गावची पोरं आणि माझ्याआधी गेलेली मोठी माणसं, दोघांनी वाचावं म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी निघालो तो दिवस सोमवारचा होता. सिन्नरला जाणारी जीप फाट्यावर उभी होती आणि ड्रायव्हर माणसं भरेपर्यंत हलत नव्हता, त्यामुळे निरोप दोनदा झाला. आई एकदा रडून गप्प झाली, मग जीप हलेना म्हणून तिने डब्यात चटणी कुठे ठेवलीय ते पुन्हा सांगितलं. माझे वडील, म्हणजे नाना, टपावर पिशवी बांधत म्हणाले, "मावशीच्या घरी मागून घेऊन खाऊ नको. देतील तेवढं खा. कुठंबी आपण होऊन पुढं घुसू नको. लोक नावं ठेवत्यात." मी मान हलवली. तेव्हा ते मला अगदी बरोबर वाटलं होतं. आमच्याकडे असंच असतं. सत्कार असला की शाळेचा शिपाई आधी घरी निरोप घेऊन येतो. ज्याला निरोप येतो तो इस्त्रीचा शर्ट घालून जातो. न बोलावता जो मंडपात पुढे जाऊन बसतो, त्याची वर्षभर टिंगल होते.

मावशी नाशिकात सातपूरला राहायची. एक खोली, आत मोरी. काका कारखान्यात शिफ्टला. रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे आणि मी जिन्यात बसून अभ्यास करायचो. दिवाळीनंतर काकांची आई कायमची राहायला येणार होती. कुणी मला जा म्हणालं नाही, पण चौथ्या माणसाला त्या खोलीत जागा नव्हती, हे मलाही दिसत होतं.

अकरावीला मी एका मोठ्या शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात होतो. तिथल्या पहिल्याच आठवड्यात मैदानावर टेबलं मांडलेली पाहिली आणि मला वाटलं काहीतरी विकायला आहे. ते क्लब होते. रोबोटिक्स, वादविवाद, निसर्ग, फोटोग्राफी. मुलं बाजारातल्यासारखी हाका मारून बोलावत होती. एका मुलीने मला विचारलं, "तुझं पॅशन काय?" मी म्हणालो, "सायन्स साइड." ती हसली नाही, हे तिचे उपकार.

या सगळ्यांच्या वर गुणवंत मंडळ होतं. मुलं त्याला नुसतं 'ऑनर' म्हणत. नुसत्या मार्कांवर तिथे प्रवेश नव्हता, मुलाखत असायची. निवड झाली की चांदीच्या रंगाचा बिल्ला मिळायचा. मला बिल्ल्याचं काही नव्हतं. मंडळातल्या बाहेरगावच्या मुलांना शाळेच्या वसतिगृहात खाट मिळायची. ती मिळाली तर मी नाशिकला राहणार होतो. नाही तर गाव.

मुलाखतीला एक मॅडम होत्या आणि बारावीची अनुष्का, मंडळाची अध्यक्ष. बाकीचे सदस्य भिंतीला टेकून उभे होते. अनुष्काने विचारलं, "आधीच्या शाळेत कोणत्या क्लबमध्ये होतास?"

मी म्हणालो, "आमच्याकडे क्लब नव्हते. मंत्रिमंडळ होतं. मी पाणीमंत्री होतो."

सगळे हसत सुटले. मागून कुणीतरी म्हणालं, "मंत्रीसाहेब, लाल दिवा कुठंय?" दुसरा म्हणाला, "अरे, बॉडीगार्डला खुर्ची द्या!" मॅडमही ओठ दाबून हसत होत्या. मला हसण्यासारखं काय ते कळेना. आमच्या शाळेत खरंच मुलांचं मंत्रिमंडळ असतं, मतदानाने निवडून येतं. मी प्रार्थनेआधी पाण्याची टाकी भरून घ्यायचो, टँकर आला नाही तर वरच्या वस्तीवरून कॅन आणायला पोरांच्या पाळ्या लावायचो. हे सगळं मी सांगितलं. हळूहळू हसणं थांबलं, पण माझे कान तापलेलेच होते. शेवटी मॅडम म्हणाल्या, "शनिवारी सुट्टी झाल्यावर वरच्या हॉलमध्ये नावं वाचतील."

शनिवारी मी खालच्या वर्गात बसून राहिलो. दार उघडं ठेवलं, म्हणजे बोलवायला येणाऱ्याला मी दिसावा. वरून टाळ्या ऐकू येत होत्या. मग बिल्ले लावलेली मुलं जिन्यावरून उतरली, हसत, फोटो काढत. माझ्या दाराकडे कुणी पाहिलंही नाही.

नानांना फोन केला. ते म्हणाले, "निरोप आला का?"

"नाही आला."

"मग आपण होऊन इचारू नको. बरं दिसत नाय. तुझं नाव आसतं तर बोलावलं आसतं ना त्यांनी."

मी विचारलं नाही. दिवाळीनंतर पिशवी भरून गावी आलो आणि बारावी संपेपर्यंत रोज ये-जा केली. सकाळी अंधारात जीप, सिन्नरहून एसटी, संध्याकाळी उलट. बसमध्ये उभ्याने फिजिक्स वाचायची सवय लागली. माझ्यामागोमाग आईचंही उठणं लवकर झालं. कॉलेजात एक-दोघे 'मंत्रीसाहेब' म्हणून हाक मारायचे, मी ऐकलं नाही असं करायचो. मनाशी पक्कं केलं होतं की शहराने मला पाहिलं, हसलं आणि नको म्हटलं.

आता हॉस्टेलला आहे. गावी गेलो की आई ताटाभोवती पाणी फिरवून मला पाहुण्यासारखं वाढते, आणि मला ते टोचतं. इकडे मित्र "घरी चाललास?" विचारतात तेव्हा हॉस्टेल म्हणायचं की गाव, याचं उत्तर मला पटकन येत नाही. पूर्वी वाटायचं, जिथे न बोलावता आत जाता येतं ते घर. तसं घर मला एकच माहीत होतं. दुसरं असू शकतं, असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात कँटीनमध्ये प्रोजेक्टमधला शंतनू समोर बसला होता. तो नंदुरबारकडचा, आमची ओळख नवी. बोलता बोलता निघालं की आम्ही दोघं एकाच ज्युनिअर कॉलेजचे, तुकड्या फक्त वेगळ्या. मी सहज पाणीमंत्री म्हणालो आणि त्याने वडापाव खाली ठेवला.

"थांब. तो मंत्री तू?"

"हो. का?"

"अरे, मग तू आला का नाहीस?"

"कुठे?"

"वर! हॉलमध्ये! तुझं नाव सगळ्यात आधी वाचलं होतं रे. मॅडमनी टाकीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. अनुष्काताईने दोनदा पुकारलं. पुढच्या शनिवारी परत पुकारलं."

मी म्हणालो, "मी खालीच बसलो होतो. मला वाटलं, निवडलं असतं तर बोलवायला येतील."

 तो हळू आवाजात म्हणाला, "सगळ्यांना वाटलं, मुलाखतीत हसले म्हणून तू रागावलास. अनुष्काताई म्हणाली, त्याला यायचं नसेल तर मागे लागून लाजवायचं नाही. मी वेटिंगवर होतो, भावा. तुझी खाट मला मिळाली."