समोरची खोली

"माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नाही, पण चारचौघींत त्याला बेवडा मी ठरवलं."

हे ती आता खणखणीत आवाजात सांगते. दारू सोडून तिला नऊ वर्षं झाली. इस्पितळाच्या तळघरातल्या शिवणखोलीत ती आजही काम करते. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे. खोलीची एकच खिडकी, तीही छताजवळ. तिच्यातून माणसं दिसत नाहीत, नुसते चालणारे पाय दिसतात. त्या पायांकडे बघत ती दुपारची प्यायची. बाटली रद्द चादरींच्या गठ्ठ्यात, तोंडात पेपरमिंट.

एकदा तिने शिवलेल्या झग्याच्या काठात सुई राहिली आणि ऐन ऑपरेशनच्या तोंडावर एका डॉक्टरीणबाईंच्या मनगटात घुसली. मोठ्या सिस्टरनी तिला बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत.

"वास मला वर्षभर येतोय," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी लेखी तक्रार वर जाईल, मग ही खोली विसरा. शनिवारी पाच वाजता शाळेच्या मागच्या इमारतीत दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते. तिथले सगळे स्वतः त्यातून गेलेले आहेत. जा."

ती गेली. लांब व्हरांडा, समोरासमोर दोन खोल्या. डावीकडच्या दारात एक आडदांड सुतार स्वागताला उभा होता. आत पंधरा-वीस पुरुष, बाई एकही नाही. तिने उंबऱ्यावर पाऊल ठेवलं तोच तो मऊपणे म्हणाला, "ताई, घरच्यांची बैठक समोर. ही आम्हा पिणाऱ्यांची."

ती म्हणाली, "बरं."

हे 'बरं' तिला सात आठवडे पुरलं.

समोरच्या खोलीत बायका होत्या. कुणाची आई, कुणाची बहीण, बाकी सगळ्या बायकाच बेवड्यांच्या. एक निवृत्त मास्तरीणबाई त्यांच्या पुढारी. "मोकळ्या व्हा," त्या म्हणाल्या. "मिस्टर काय करतात?"

"नळाचे मीटर बघतात."

एवढं खरं होतं. पुढे तिने स्वतःचं सगळं त्याच्या नावावर घातलं. सकाळी जाग आल्यावर ते आधी आपले हात बघतात. थरथरत असले तर पांघरुणाखाली दाबून धरतात. आज घ्यायची नाही असं ठरवतात, आणि ठरवल्याच्या आनंदात घेतात. बायका डोळे पुसू लागल्या. एक नवी सून तेवढी म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांच्या मनातलं मला ओ की ठो कळत नाही. तुम्हाला इतकं आतलं कसं ठाऊक?"

"संसार जुना आहे गं," तिने वेळ मारून नेली.

तिथून निघताना हलकं वाटायचं. हलकं वाटलं म्हणून ती वाटेत घ्यायची. दुसऱ्याच्या नावाने मिळालेली दया अंगी लागत नाही.

सातव्या आठवड्यात मोठ्या सिस्टरनी तिचा एक झगा उजेडात धरला आणि वाकडे टाके बघून खाली ठेवला. त्याच संध्याकाळी नवऱ्याने घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवली.

"आज दहा मिनिटं बोलणी खाल्ली."

"कुणाची?"

"एका मास्तरीणबाईंची. मीटर बघायला गेलो, तर बिल्ल्यावरचं आडनाव वाचून दारातच धरलं. एवढी गुणाची बायको मिळाली आणि तिला रडवता? म्हटलं, बाई, मी घेत नाही. तर म्हणतात, वास येत नाही, पेपरमिंट चघळलंय वाटतं!"

"मग तुम्ही खरं सांगितलं नाहीत?"

"बोलत होत्या त्यातलं एकही खोटं नव्हतं. माणूस तेवढा चुकला होता." तो जरासा हसला. "शनिवारी मी येतो सोडायला."

शनिवारी तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला, ती आपल्या नेहमीच्या खुर्चीत. दार उघडंच होतं. मास्तरीणबाईंनी त्याला बघितलं मात्र, "आले! गुण आला माझ्या बोलण्याचा!" म्हणून त्यांनी सुताराला हाक मारली. सुताराने त्याला मिठीच मारली. "या भाऊ, लाजू नका. पहिला दिवस सगळ्यांनाच जड जातो."

नवऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणावं तर तिचं खोटं सगळ्यांसमोर उघडं पडणार. तो उठला, आणि मीटर बघायला कुठल्याही घरात शिरावं तसा समोरच्या खोलीत शिरला.

इकडे बायकांनी तिचे हात हातात घेतले. "सुटलात हो ताई," नवी सून म्हणाली. तिकडून सुताराचा आवाज आला, "बोला भाऊ, बसूनच बोला. कधीपासून घेताय?"

दोन दारांमधून तिला त्याची पाठ दिसत होती. कधी खोटं न बोललेला माणूस शब्द जुळवत होता. मग त्याने घसा खाकरला. "मी..."

तिने बायकांच्या हातांतून आपले हात सोडवले आणि ती उठली. "अहो, कुठे निघालात?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "समोर. पिते ती मी," ती म्हणाली आणि व्हरांडा ओलांडून पिणाऱ्यांच्या खोलीत शिरली.