नळीवरचा आकडा

पेन हातात आलं की भिंगकाका आधी ते हुंगायचे. जुन्या रबराला गंधकाचा वास, सेल्युलॉइडला कापराचा. मग डोळ्याच्या खोबणीत भिंग अडकवायचं, पेन उजेडाकडं धरून हळूहळू फिरवायचं आणि सांगून टाकायचं, “अठ्ठावन्न साल. दुसरी तिमाही.” कंपन्या नळीवर, टोपणाच्या कडेला, निबेच्या पोटावर बारीक आकडे आणि ठिपके ठोकायच्या. लोकांना ते चरे वाटत, काकांना तो जन्मदाखला.

वह्या-पुस्तकांच्या एका दुकानात जिन्याखाली त्यांचं पेनदुरुस्तीचं टेबल होतं. चाळीस वर्षं तिथं बसूनही उठताना डोकं पायरीला लागायचं ते लागायचंच. बायको म्हणायची, “पेनाचं साल विचारा, झोपेत सांगतील. आमच्या लग्नाचं विचारा, छताकडं बघत बसतील.” हे ऐकून काका खूश व्हायचे. माणूस साधा, पण या एका बाबतीत अंगात चांगलीच मस्ती होती.

त्या दिवशी एक नर्सबाई आपल्या आईला घेऊन आल्या. म्हातारी अठ्ठ्याऐंशीची, काठी टेकत आलेली, जीभ मात्र तिखट. गेलेल्या नवऱ्याचं काळं पेन शाई ओढत नव्हतं, ते साफ करून हवं होतं.

“बसा आजी,” काका म्हणाले.

“आजी कुणाला म्हणता हो? तुमचे केस माझ्यापेक्षा पांढरे.”

दुकानदार हसला. शाई घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकंही हसली. म्हातारीला रंग चढला. ती सांगायला लागली, “आमचे हे चोपन्न साली परीक्षा पास झाले, तेव्हा हेडमास्तरांनी दिलेलं पेन. लग्नाआधीचं पहिलं पत्र यानंच लिहिलं मला. स्वतः सांगितलंय त्यांनी.”

काकांनी भिंग लावलं. नळीवर, आट्यांच्या जरा खाली, आकडा होता. चार माणसं तोंडाकडं बघत उभी. असं असलं की काकांची जीभ सैल सुटायची.

“त्रेसष्ट,” ते म्हणाले. “चोपन्न साली हे पेन जन्माला यायचं होतं, आजी.”

“असं कसं? त्यांनी सांगितलंय.”

“सांगितलं असेल. लग्नाआधी पुरुष काय काय सांगतात. माणूस थापा मारतो, आकडा मारत नाही.”

पुन्हा सगळे हसले. म्हातारी हसली नाही. तिनं काठी सावरली आणि लेकीला म्हणाली, “चल.” पेन टेबलावरच राहिलं.

दुपारी काकांनी ते उघडलं. आतली वाळलेली रबरी पिशवी ओढून काढली, नळी धुतली आणि आत काही राहिलं का म्हणून भिंगातून पाहिलं. आतल्या काठाला दोन बारीक रेघा होत्या, शेजारी शेजारी, एक लांब आणि एक आखूड. काकांचे हात जागच्या जागी थांबले.

ती त्यांचीच खूण. दुरुस्तीत एखादा भाग बदलला की दिसणार नाही अशा जागी ते सुईनं अशा दोन रेघा मारत. हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी लावलेली सवय. म्हणजे हे पेन कधीतरी, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, याच टेबलावर येऊन गेलं होतं. मूळ नळी तडकली असणार आणि काकांनीच सुट्या भागांच्या डब्यातली दुसरी, नंतरच्या सालातली, बसवून दिली असणार. ते गिऱ्हाईक काही केल्या आठवेना. त्यांनी निब उपसून तिचं पोट पाहिलं. त्रेपन्न. टोपणाची कड पाहिली. त्रेपन्न.

उस्तादांचा शिरस्ता होता, तीन जागा बघायच्या, तिन्ही जुळल्या तरच तोंड उघडायचं. काकांनी एक पाहिली होती. तीही स्वतःच बसवलेली. दुकानदारानं विचारलं, “काय झालं?” काका म्हणाले, “काही नाही, शाई वाळलीय.”

मग मन पळवाटा काढायला लागलं. पेन साफ करून द्यायचं, विषय संपला. म्हातारीला कुठं कळणार आहे? दोन वाक्यं तर बोललो, तीही थट्टेनं. तीन दिवस काका असं स्वतःला समजावत राहिले, आणि तीन दिवस त्यांनी कुणाच्याही पेनाचं साल सांगितलं नाही. बायकोनं विचारलंसुद्धा, “पोटात दुखतंय का?”

चौथ्या दिवशी नर्सबाई आल्या. काकांनी पेन कागदात गुंडाळूनच ठेवलं होतं. ते पुढं करत, खाली बघतच त्यांनी विचारलं, “आई बऱ्या आहेत ना?”

“बरी कसली, काका. बाबांची पत्रं कपाटातून काढून माळ्यावर टाकायला लावली. म्हणते, हे खोटं तर आणखी काय काय खोटं असेल. सत्तर वर्षांचं सगळं उकरून काढतेय.”

काकांनी पुढं केलेला हात मागं घेतला. “मी येतो,” ते म्हणाले, आणि उठताना पायरी लागली तरी डोकंही चोळलं नाही.

नर्सबाईंच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी खुर्चीत म्हातारी बसली होती. तिनं मान वळवली नाही. काकांनी पेन उघडून तिच्या मांडीवरच्या टॉवेलवर सुटं मांडलं, तिच्या हातात भिंग दिलं. तिला काही दिसेना. मग तोंडानंच सांगावं लागलं, निब त्रेपन्नची, टोपण त्रेपन्नचं, नळी तेवढी मी बदललेली, आणि मलाच ओळखू आली नाही.

“म्हणजे ते खरं बोलले होते.”

“हो.”

“आणि तुम्ही खोटं.”

“चुकलो मी, आई.”

“चुकलात कसले. न बघता बोललात, लोक हसावेत म्हणून.”

नर्सबाई म्हणाल्या, “अगं, ते आपण होऊन आलेत.” म्हातारीनं हातानंच तिला थांबवलं.

“मेलेल्या माणसाला चार दिवस शिव्या घातल्या मी,” ती म्हणाली. “त्याला ऐकू गेल्या नाहीत म्हणून काय झालं? माझ्या तोंडून तर गेल्या.” तिनं टोपण उचललं, कडेवरून अंगठा फिरवला. मग पहिल्यांदा काकांकडं बघितलं. “आजवर आणखी किती जणांना असं सांगितलंत, एकच जागा बघून?”

काकांना नाही म्हणवत नव्हतं आणि आकडा माहीत नव्हता.

पेन जोडून त्यांनी तिच्या हातात दिलं आणि ते बाहेर पडले. जिना उतरताना माणसं आठवायला लागली. आजोबांचं पेन घेऊन आलेले ते वकील, ज्यांना काकांनी ‘नक्कल आहे’ म्हणून हसत परत पाठवलं होतं. दोन भाऊ, ज्यांच्यात वडिलांच्या पेनाबद्दल थोरल्याचं म्हणणं खरं की धाकट्याचं, हे काकांनी एका नजरेत ठरवलं होतं आणि धाकटा एक शब्द न बोलता निघून गेला होता. तेव्हा तीन जागा पाहिल्या होत्या का? आठवत नव्हतं. दुकानातलं हसू तेवढं आठवत होतं. मधल्या वळणावर ते कठड्याला धरून उभे राहिले. खालून पिशव्या घेऊन एक बाई वर येत होत्या. “जरा सरकता का?” त्या म्हणाल्या. काका भिंतीला चिकटून उभे राहिले आणि त्या वर निघून जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.